रिकाम्या खिळ्याचं चित्र

मित्रांनो, मी मार्गिलान गावातलं एक जुनं तैलचित्र आहे. माझ्यात होसियतखाला बसली आहे, हात मांडीवर, मान दाराकडे वळलेली. तिच्यामागच्या धुरकट भिंतीवर एक रिकामा खिळा आहे आणि खिळ्याखाली फिकट गोल डाग. लोक म्हणतात, "रंग उडालाय बिचाऱ्याचा." उडालेला नाही हो, तसा मुद्दाम केलेला आहे.

आधी तिथे एक गोल नान टांगलेला होता, कडेचा घास तोडलेला. आमच्याकडे लांबच्या वाटेला निघालेला माणूस घरच्या नानाचा एक घास खातो. उरलेला नान भिंतीवर राहतो, आणि परत आल्यावर तो त्यानेच संपवायचा असतो. खालाचा मुलगा मुरोद फौजेत गेला, तेव्हा शेजारच्या नझीरअकाने मला रंगवलं. बघायला येणाऱ्या बायका आधी नानाकडे बघत, मग चेहऱ्याकडे, आणि पदराने डोळे टिपत. "किती उदास काढलीय खालाला!" माझी फार वाहवा झाली. ती मला आवडायची, खोटं कशाला बोलू?

मग एक दिवस मुरोद आला. लंगडत, पण जिवंत. वाळून दगड झालेला नान त्याने चहात बुडवून बुडवून संपवला. दुसऱ्याच दिवशी खाला नझीरअकाच्या दारात हजर.

"चित्रातला नान उतरव."

"अगं खाला, त्याच्यावरच तर चित्र उभं आहे. तो काढला तर उरलं काय?"

"मी उरले ना? पोरगा घरी जेवतोय, आणि तू त्याला अजून वाटेवरच ठेवलायस. असला अपशकुन नको मला."

नझीरअका कुरकुरला, पण त्याने ब्रश उचलला. नान तेवढा रंगाने झाकला, चेहऱ्याला हातही लावला नाही. आणि गंमत बघा, तोच चेहरा आता उदास दिसेना. अंगणात ओळखीची पावलं वाजलीत आणि बाई उठायच्या बेतात आहे, असं वाटायला लागलं.

आता त्या तिघांपैकी कुणीच नाही. गावच्या चित्रशाळेत माझ्यावर धूळ साचते. परवा जुनी चित्रं दुरुस्त करणारी दिलोरोम आली. दिवा जवळ धरून बघताना ती हरखलीच. "अरे, खाली नान आहे! वरचा थर खरवडला की मूळ चित्र मिळेल." उद्या ती हत्यारं घेऊन येणार आहे.

मित्रांनो, माझी धूळ पुसा, चौकट सांधा, तुमचे उपकार होतील. पण तिला एवढं सांगा, खिळा रिकामा राहू दे. नान परत भिंतीवर आला, तर मुरोद परत घराबाहेर जाईल, आणि खालाला पुन्हा वाट बघत बसावं लागेल.