बाबांनी जोडला होता तसाच

बाबांनी बसवलेल्या पंख्याचा पितळेचा एवढासा नट, वाटाण्याहून जरा मोठा, आणि त्याच्या एका कोपऱ्यावर पाना सटकल्याची जुनी खूण – हेस्टरनं तो तळहातावर फिरवला, अंगठ्यानं त्यावरचं काळं तेल पुसलं आणि तिला वाटलं, म्हणजे बाबांचाही पाना सटकायचा तर. कधीतरी... एकदा तरी. हा विचार इतका नवा होता की ती स्वतःशीच हसली.

"काय झालं हसायला?" ऑब्रीनं विचारलं. तिचा थोरला भाऊ गॅरेजच्या दारात बागेतली घडीची खुर्ची टाकून बसला होता, उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. पंधरवड्यापूर्वी पन्हळीतला पाला काढायला म्हणून शिडीवर चढला आणि पाल्यासकट खाली आला.

"काही नाही."

"मग हात चालव. आणि लक्षात ठेव, पंखा बाबांनी जोडला होता तसाच जोडायचा. त्याच तारा, त्याच जागी. डोकं चालवू नकोस."

"नाही चालवत. त्यासाठी तू आहेस ना."

डोकं चालवू नकोस... बावन्न वर्षांत हे वाक्य तिनं आधी बाबांच्या तोंडून ऐकलं, मग ऑब्रीच्या. दोघांच्याही तोंडून अगदी मायेनं, लहान मुलीच्या हातातली कात्री काढून घ्यावी तसं. ती स्किप्टनमध्ये लग्नाचे झगे शिवायची, मोहरीएवढे मणी सरळ रेषेत टाकायची, एका आठवड्यात दोन इंच वाढलेल्या नवरीला त्याच झग्यात बसवायची – पण या गाडीच्या बॉनेटखाली हात घालायला मिळावा म्हणून तिला भावाचं मनगट मोडायची वाट बघावी लागली होती.

गाडी हिरवी, बुटकी, लांब नाकाची. पुढे दोघांची ऐस, मागे नावापुरती सीट, तिच्यावर लहानपणी ती आणि ऑब्री गुडघे हनुवटीला टेकवून बसायचे. इंजिन गार ठेवणारा मूळचा पंखा काढून बाबांनी स्वतः हा विजेवरचा बसवला होता. वॉल्टर थ्वेट, लोकरीच्या गिरणीतले मुख्य मेकॅनिक. मागावरचा आवाज ऐकून कुठला दात झिजलाय ते सांगणारा माणूस. तरी गाडी चढावर तापायचीच. 'जातच तापट आहे तिची,' बाबा म्हणायचे, आणि घरात कुणाला कधी शंका आली नाही. आता पंख्यानं शेवटी मान टाकली, ऑब्रीनं दोन नवे आणले आणि जाहीर केलं – आज दुपारी डोंगराचा चढ चढायचा, तापली तर विकायची. लीड्सचा कुणी दंतवैद्य तिच्यावर डोळा ठेवून होता.

"मला काय हौस आहे का विकायची?" तो काल म्हणाला होता, खिडकीबाहेर बघत. "पण बाबांच्या गाडीत बसून दर वेळी बाबांसारखं हरायचं... पुरे झालं गं."

तिनं नवे पंखे रेडिएटरच्या मागे बसवले, चारही कोपरे आवळले, आणि बाबांच्या तारा, तपकिरी आणि काळी, होत्या तशाच जोडल्या. ऑब्री चहा टाकायला आत गेला. एका हातानं किटली भरताना तो देवाला आणि नळाला काय काय म्हणत होता ते इथपर्यंत ऐकू येत होतं. तिनं बटण दाबलं. पंखे झकास घुमले. सहज, उगीच, झगा बेतायचा पातळ कागद खिशात होता म्हणून, तिनं तो गाडीच्या नाकासमोर धरला.

पंख्यानं हवा आत ओढायची असते. कागद जाळीला चिकटायला हवा होता.

कागद उडून तिच्या तोंडावर बसला.

तिनं तो काढला, पुन्हा धरला. पुन्हा तोंडावर. आणि मग तिला एकदम तो कडा आठवला, चढावरचं ते वळण, बॉनेटमधून निघणारी वाफ, मी नऊ वर्षांची, बोटं गारठलेली, आणि बाबा आम्हा दोघांना गाडीच्या नाकासमोर उभं करून म्हणतायत, 'शेका हात! बघा कशी फेकतोय गरमी बाहेर!' – केवढ्या अभिमानानं! आई थर्मास उघडतेय, चीजचे तुकडे करतेय, आणि एरवी रविवारीसुद्धा न बसणारे बाबा दगडी कुंपणावर पाय हलवत बसलेत, कारण इंजिन गार होईपर्यंत अर्धा तास करण्यासारखं जगात काहीच नाही... तारा उलट्या होत्या. पंखा समोरून येणाऱ्या वाऱ्याशी भांडत होता, चाळीस वर्षं, आणि आम्ही त्याच्यावर हात शेकत होतो.

तिला हसू आवरेना. मग डोळ्यांत पाणी आलं, तेही हसण्याचंच असावं. तिनं बॅटरी सोडवली, तपकिरी तार काळीच्या जागी, काळी तपकिरीच्या जागी. पाच मिनिटांचं काम. या वेळी कागद जाळीला असा बिलगला की सोलून काढावा लागला.

"झालं?" ऑब्री एक कप घेऊन आला. दुसरा आणायला त्याला परत जावं लागणार होतं. "बाबांसारखाच जोडलास ना?"

तिनं बॉनेट खाली ओढलं. "तारा त्याच आहेत," ती म्हणाली.

चढावर तीच गाडी चालवत होती, आयुष्यात पहिल्यांदा. पुढे गवताचे भारे भरलेला ट्रॅक्टर, त्याच्यापुढे रस्ताभर मेंढ्या. पायी चालणारासुद्धा पुढे निघून गेला असता. ऑब्रीचे डोळे तापमानाच्या काट्यावर. काटा चढला, मधोमध आला... पंखे सुरू झाले... आणि काटा तिथेच थांबला.

"बघितलंस?" त्यानं प्लास्टरचाच हात गुडघ्यावर आपटला आणि कळवळला. "आई गं! बघितलंस? तापत नाहीये! बाबांची जोडणी पक्कीच होती गं, पंख्याची मोटारच कमजोर होती बिचारी! गेला तो दंतवैद्य खड्ड्यात!"

"गेला," हेस्टर म्हणाली. सांगावं? आत्ता? आता त्याचा चेहरा दहा वर्षांच्या मुलाचा झाला होता, आणि ते वाक्य तिच्या जिभेवर होतं, ओठांत धरलेल्या टाचणीसारखं – टाचणी कशी सांभाळायची हे तिला चांगलं ठाऊक होतं.

वळण आलं. तिनं गाडी कडेला घेतली.

"थांबलीस का? ठीक चाललीये की."

"म्हणूनच."

"काही झालं नाही, तर थांबून करायचं काय?"

"काही नाही. बसू या."

त्यानं तिच्याकडे बघितलं, काट्याकडे बघितलं, मग कुरकुरत दार उघडलं. खाली दरीत ऊन सरकत होतं, ट्रॅक्टरची घरघर लांब जात होती. ती दगडी कुंपणावर चढून बसली. सांगेन, तिला वाटलं, किंवा नाहीही सांगणार. पण बाबांना कळलं असतं तर ते आधी लाल झाले असते आणि मग सगळ्यांत मोठ्यानं हसले असते – हे आज तिला एकदम, कुणालाही न विचारता, ठाऊक होतं. बाबा चुकले होते, आणि त्यामुळे ते एवढे जवळ आले होते की... ऑब्री शेजारी येऊन बसला. घाई कसलीच नव्हती.