बऱ्या गुडघ्यावरचा पट्टा

मी गुडघ्याचा पट्टा बोलतोय. पट्टा म्हटलं की तुम्हाला औषधाच्या दुकानातला तपकिरी, ताणला जाणारा पट्टा आठवेल. मी तसला नाही. मला दोन्ही बाजूंना धातूच्या दांड्या आहेत, मध्ये बिजागऱ्या आहेत आणि मांडी-पोटरीवर आवळायला चार बंद आहेत. दुखावलेल्या पायाला सांभाळायचं, हे माझं काम. ते सोडून मी एक हिवाळाभर भलतंच काम केलं, आणि तेव्हापासून माझं मन मला खातंय.

माझा जन्म कारखान्यात झाला. त्यात सांगण्यासारखं काही नाही. मला खरी जाग आली ती कॅनडातल्या सास्काटूनच्या बर्फावरच्या हॉकी संघात, जोआनच्या खोलीत. जोआन संघाची फिजिओ. तिनं मला खोक्यातून काढलं आणि समोरच्या टेबलावर पडलेल्या एका आडदांड माणसाच्या डाव्या पायावर चढवलं.

तो ओरेस्ट नातिव. संघात सगळे त्याला नॅटी म्हणतात. चौतिशीचा, बचावफळीतला आणि संघातला सगळ्यात महागडा खेळाडू. ऑक्टोबरात कुणीतरी त्याला मैदानाभोवतीच्या फळ्यांवर आपटलं आणि गुडघ्याच्या आतली बाजू फाटली. मी आलो तेव्हा त्याची मांडी इतकी वाळली होती की जोआनला माझा वरचा बंद पार आत ओढून घ्यावा लागला.

"म्हाताऱ्या, या मांडीवर तू उभा कसा राहतोस?" ती म्हणाली.

"तुझ्या भीतीनं," नॅटी म्हणाला.

ते दिवस चांगले होते. नॅटी घाम गाळायचा, कण्हायचा, शिव्या द्यायचा, आणि मी त्याचा गुडघा वाकडा होऊ देत नव्हतो. हळूहळू मांडी भरत गेली. माझा बंद सैल करावा लागला, मग आणखी सैल. जानेवारीत, बाहेर गाड्यांची इंजिनं गोठू नयेत म्हणून माणसं त्यांना विजेच्या तारा जोडून ठेवत होती तेव्हा, जोआननं मला सोडवून बाजूला ठेवलं. "तुझा गुडघा आता माझ्यापेक्षा चांगला आहे. याला सुट्टी दे."

मला फार बरं वाटलं. आमच्यासारख्यांना निरोप मिळणं म्हणजेच शाबासकी.

पण त्याच दुपारी लॉर्न मॅकलिन खाली आला. लॉर्न हा संघाचा जनरल मॅनेजर. कुणाला किती वर्षांचा करार द्यायचा, कुणाला दुसऱ्या संघाकडे पाठवायचं, हे तोच ठरवतो.

"पुढच्या आठवड्यात खेळतो मी," नॅटी म्हणाला.

लॉर्ननं दार लोटून घेतलं. "घाई काय आहे?"

या लीगमध्ये एक नियम आहे. एका संघातल्या सगळ्या खेळाडूंचा मिळून पगार ठरलेल्या मर्यादेच्या वर जाता कामा नये. मात्र कुणी दीर्घ दुखापतीच्या यादीत असेल, तर त्याच्या पगाराएवढी जागा संघाला दुसऱ्यासाठी वापरता येते. आणि हंगाम संपून प्लेऑफ, म्हणजे ट्रॉफीसाठीचे बाद सामने, सुरू झाले की तेव्हा मर्यादाच नसते.

"तू बर्फावर उतरलास की तुझा पगार मोजला जाणार," लॉर्न म्हणाला. "मग मी विक्लुंडला आणू कसा? आपल्याला गोल करणारा हवाय. तू एप्रिलपर्यंत थांब. प्लेऑफला तुम्ही दोघंही खेळाल."

"म्हणजे खोटं बोलू?"

"खोटं बोल म्हणतंय कोण? डॉक्टर विचारतील, दुखतं का. चौतिसाव्या वर्षी कुणाला कुठे दुखत नाही?"

इतकी वर्षं खेळून नॅटीला एकदाही ट्रॉफी मिळाली नव्हती, आणि लॉर्नला ते चांगलं ठाऊक होतं. थोड्या वेळानं नॅटीनं हात लांब केला आणि जोआनकडे मला मागितलं. तिनं मला दिलं, पण वर पाहिलं नाही. आणि मी पुन्हा त्या पायावर चढलो. निसटून पडायचं म्हटलं असतं तरी मला जमलं नसतं, हे खरं. पण तेवढ्यानं माझं समाधान होत नाही.

नॅटीचा जोडीदार होता ट्रेंट रेम्पेल. बचावात दोघं एकत्र खेळायचे, कपडे बदलायच्या खोलीत शेजारी बसायचे. रेम्पेलच्या कराराचं हे शेवटचं वर्ष. नॅटी नसल्यामुळे त्याच्या वाटणीचा वेळही आता रेम्पेलच खेळत होता, आणि बिचारा त्यावरच खूश होता.

"सावकाश बरा हो रे," तो म्हणायचा आणि हॉकीच्या दांड्यानं माझ्या बिजागरीवर टकटक करायचा. "आहे का कुणी घरात? तू असाच लंगडत राहा, लेका. माझा एजंट म्हणतो, असाच खेळलास तर पाच वर्षांचा करार कुठे गेला नाही."

त्याची बायको किर्स्टन नॅटीसाठी डबा भरून पेरोगी पाठवायची, म्हणजे उकडलेल्या करंज्या, आत बटाट्याचं सारण आणि वर तळलेला कांदा. रेम्पेल हसून सांगायचा, "आमच्याकडे जेवणाआधीच्या प्रार्थनेत तुझ्या गुडघ्याचा नंबर माझ्या आधी लागतो." नॅटी डबा घ्यायचा, पण रेम्पेलच्या नजरेला नजर देत नसे. घरी गेल्यावर त्या पेरोगी तो तशाच टाकून द्यायचा.

विक्लुंड आला, गोल व्हायला लागले, शहर खूश झालं. रेम्पेल मात्र थकत चालला होता. पाळी संपून बाकावर येताना तो फळीला धरून आत शिरायचा. नॅटी वर प्रेक्षकांत बसून ते बघायचा. कोट घातलेला, आणि पँटवरून मी, सगळ्यांना दिसेन असा. दोनदा तो लॉर्नच्या दारापर्यंत गेला. दोन्ही वेळा परत फिरला.

मार्चमधल्या एका सामन्यात रेम्पेल पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, अडवायला आडवा पडला. ताज्या दमाचा असता तर वेळेवर उठला असता. तो उठायच्या आत समोरचा गडी त्याच्या पायावर कोसळला. मला वरूनच कळलं की गुडघा गेला. नॅटी उठला आणि एकेक पायरी गाळत खाली धावत सुटला. मी त्याच्या पायावर होतो! लंगडा म्हणून यादीत असलेला माणूस दणदण जिने उतरत होता, आणि सगळं स्टेडियम बर्फाकडे बघत होतं म्हणून कुणाच्याच ते लक्षात आलं नाही. त्या जिन्यावर मला माझी जेवढी लाज वाटली, तेवढी कधीच वाटली नव्हती.

एप्रिलात नॅटी परतला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, बातम्यांत 'चमत्कार' म्हणत होते. दुसऱ्या फेरीत संघ बाहेर पडला. जूनमध्ये लॉर्ननं विक्लुंडला सहा वर्षं दिली आणि रेम्पेलच्या एजंटला सांगितलं, "माणूस लाखाचा आहे, पण तो गुडघा आणि आमची मर्यादा, दोन्ही बघावं लागतं." दुसऱ्या कुठल्याही संघानं त्याला विचारलं नाही.

मग रेम्पेलचाच फोन आला. "तुझा तो पट्टा मला दे. तो घालून तू उभा राहिलास ना? मलाही लागू पडेल."

नॅटी मला घेऊन गेला. रेम्पेल घरामागच्या लाकडी ओट्यावर पाय पसरून बसला होता. ऑपरेशनच्या टाक्यांचे व्रण लालसर दिसत होते, मांडी काठी झाली होती. नॅटी खाली गुडघ्यावर बसला आणि मला चढवू लागला.

"थांब, मी करतो," रेम्पेल म्हणाला. त्यानं वरचा बंद ओढला. ओढत राहिला. बंदावर दोन घड्या होत्या. आतली पुसट, नोव्हेंबरची. बाहेरची खोल, भरल्या मांडीची, महिनोन्महिने तिथंच आवळून पडलेली. मी बोलू शकत नव्हतो, पण माझ्या अंगावर सगळं उमटलेलं होतं.

रेम्पेलनं त्या घडीवरून अंगठा फिरवला. मांडी वाळते कशी आणि भरते कशी, हे आता त्याला कुणी शिकवायला नको होतं.

"कधी बरा झालास?" त्यानं विचारलं.

"जानेवारीत."

आत किर्स्टन भांडी मांडत होती. नॅटी तिथंच बसून होता. "मला मार," तो म्हणाला. "शिव्या दे. काहीतरी बोल."

रेम्पेलनं बंद आत, जुन्या घडीवर आणून लावला. "किर्स्टनला सांगू नकोस," तो म्हणाला. "ती अजून जेवायच्या आधी तुझ्या गुडघ्याचं नाव घेते."

तेवढ्यात तिनं दार उघडलं आणि दोघांनाही जेवायला बोलावलं. नॅटीला नाही म्हणता आलं नाही. टेबलावर त्यांनी हात जोडले, मी टेबलाखाली होतो, आणि मी ते नाव ऐकलं.

आता मी रेम्पेलचा आहे. रोज सकाळी तो मला बांधतो आणि ओट्यावर फेऱ्या मारतो. या वेळी माझ्याकडून जेवढं होईल तेवढं मी करतोय. माझं एकच मागणं आहे. हा पाय बरा झाला की मला सोडा. त्यावर एक दिवसही जास्त बांधू नका.