पाणी?

बायकोला, येसूबाईला, जाऊन पाच महिने झाले होते आणि तेवढ्या काळात हरिश्चंद्रांनी घाटातली गोष्ट कुणालाही सांगितली नव्हती. एरवी घरी नवा माणूस आला की चहा व्हायच्या आत ती सुरू व्हायची. रत्नागिरीला रेल्वे यायच्या कितीतरी आधी हा माणूस घाटावर जाऊन कोळशाच्या इंजिनावर फायरमन झाला, याचं सगळ्या वाडीला अप्रूप होतं.

त्या दुपारी सावित्री आली. ज्या धाकू ड्रायव्हरच्या हाताखाली हरिश्चंद्रांनी सात वर्षं भट्टीत कोळसा मारला, त्यांची ही मुलगी. आता साठीची. पावसला दर्शनाला आली होती, तिथून पत्ता काढत इथवर पोचली. येसूबाईच्या फोटोला हात जोडून ती पडवीत बसली.

"तू फ्रॉक घालून स्टेशनच्या दादऱ्यावर, रुळांवरच्या त्या पुलावर, उभी असायचीस गो. हातात वही."

"इंजिनांचे नंबर लिहायची ना! खालून इंजिन गेलं की सगळी वाफ अंगावर. घरी गेले की आई झोडायची, फ्रॉक पुन्हा काळा केलास म्हणून. वही अजून आहे, काका."

"शिट्टीवरून ड्रायव्हर ओळखायचीस."

"बाबांची लांबच लांब, शेवटी जरा मोडायची. दादऱ्यावर मी आहे हे माहीत असायचं त्यांना."

दोघं हसली. हरिश्चंद्रांना गरम तेलाचा तो वास आठवला. ड्यूटीवरून आल्यावर येसू दोन बादल्या पाणी घालायची, तरी कानामागे कोळसा राहायचाच.

"काका, घाटातलं सांगा," सावित्री म्हणाली. "त्या दिवशी तुम्हीच होतात ना बाबांबरोबर?"

हरिश्चंद्रांनी सुरुवात केली. मालगाडी भरलेली, चढ उभा, कोळसा नुसता दगड. फावडं मारून मारून खांदे गळाले होते. "भट्टीच्या डोक्यावर कायम पाणी लागतं, बाय. किती आहे ते काचेच्या नळीत दिसतं. पाणी खाली गेलं की भट्टीच्या छतातलं शिसं वितळतं, वाफ आगीवर उतरते आणि इंजिन जागच्या जागी मरतं. तसंच झालं. पाणी ओढणाऱ्या पंपानं दगा दिला..."

गोष्ट इथं आली की येसूबाई स्वयंपाकघरातून हाक द्यायची, "पाणी?"

पाहुणे म्हणायचे, "नको वहिनी, आत्ताच प्यालो." ती हाक पाहुण्यांसाठी नव्हती, हे एकट्या हरिश्चंद्रांना कळायचं. पाहुणे गेले की ते चिडायचे, "चारचौघांत टोचतेस कशाला?"

"मी कुठं टोचलं? पाणीच तर विचारलं."

तिनं बाहेर कुणाकडे चकार शब्द काढला नाही. पण एकदाही ती हाक चुकवली नाही.

आज हरिश्चंद्र त्या जागी सवयीनं थांबले. आत काही वाजलं नाही. गोष्ट पुढं गेली आणि सरळ शेवटाला पोचली.

"तुझ्या बापाचा काही दोष नव्हता," ते म्हणाले.

सावित्रीनं डोळे पुसले. "आईनं हे ऐकायला हवं होतं. बाबा त्या दिवशी पिऊन होते असं लोक बोलायचे, मरेपर्यंत तिनं तेच खरं मानलं. बाबांची लाईन गेली, लांबची गाडी काढून घेतली, शेडात डबे ढकलायच्या शंटिंगला टाकलं, ते कशामुळे हे त्यांनी कधी सांगितलंच नाही. माझा भाऊ केरू तर अजून त्यांच्या फोटोला हार घालत नाही." तिनं पिशवी उचलली. "येते काका. बरं वाटलं."

ती पायरीपर्यंत गेली. गेली असती तर प्रश्नच मिटला असता. विचारणारं आता कोणी उरलं नव्हतं.

"बस जरा," हरिश्चंद्र म्हणाले. "पंप चांगला होता."

ती वळली.

"धाकूदादांनी विचारलं, पाणी? मी म्हटलं, आहे. काचेकडे बघितलंच नव्हतं."

"का?"

"कंटाळा. मान वर करायचा कंटाळा आला होता, दुसरं काही नाही."

"आणि चौकशीत?"

"येसू दोन जिवांची होती. धाकूदादा म्हणाले, तुझी नोकरी जाईल, माझी नुसती लाईन जाईल, तू तोंड उघडू नको. मी नाही उघडलं."

सावित्री पायरीवरून परत पडवीत आली. मग म्हणाली, "त्यानंतरही आमच्याकडे जेवायला यायचात तुम्ही."

"होय."

"आई आग्रह करकरून वाढायची."

"होय गो."

तिनं पिशवीतून फोन काढला, नंबर लावला आणि त्यांच्या हातात दिला. "केरूला सांगा. मला सांगितलंत तसंच. काही गाळू नका."

"हॅलो, कोण बोलतंय?" पलीकडून आवाज आला. "आधीच सांगतो, मला कुठली पॉलिसी नको."

हरिश्चंद्र खुर्चीवरून उठून उभे राहिले. बसून बोलायचं त्यांना बरं वाटेना.

"मी हरिश्चंद्र. तुझ्या वडलांचा फायरमन. केरू, ते त्या दिवशी प्यालेले नव्हते. सगळं ऐकून घे, मग काय शिव्या द्यायच्या त्या दे."