निरंक

नीलिमानं डबीचं झाकण फिरवून पाहिलं आणि ती सासूच्या खाटेवर, उशाशी ठेवली.

"चहाच्या आधी खोकून बेडका याच्यात टाका, आत्या. दोन मिनटाचं काम हाये."

"मले खोकला नाही," गंगूबाई म्हणाली आणि तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळली. पाठ हलत राहिली, आवाज मात्र आला नाही.

नीलिमा गावाची आशा सेविका. पंधरा दिवसांपासून ती कामरगावात घरोघर अशाच डब्या घेऊन हिंडत होती. महासाथीच्या काळात क्षयाचे पेशंट शोधायला कुणाला फुरसत नव्हती, आणि ती मागे पडलेली शोधाशोध अजून संपत नव्हती. गावानं मात्र त्या दिवसांत एक गोष्ट पक्की शिकून घेतली होती : खोकला दाखवला की गाडी येते, आणि गाडीत बसलेला माणूस परत येईलच असं नाही. नीलिमा गल्लीत शिरली की अट्टल विडी ओढणारेही श्वास धरून बसत. तिला हसूही यायचं आणि रडूही. काल तिच्या लेकीनं, पल्लवीनं सांगितलं, आजी महिनाभरापासून न्हाणीत नळ सोडून खोकते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"चोळी किती ढिली झाली, पाहा तरी. सहा महिने गोळ्या घेतल्या की माणूस खडखडीत होते. आता गाडीत टाकून कोणी नेत नाही. मी सोता घरी गोळी देईन."

"मले दवाखान्याचं भेव नाही."

"मंग काहून लपवता?"

गंगूबाई चादरीचा सुटलेला धागा ओढत बसली. समोर बाबासाहेबांच्या तसबिरीखाली पंजाबरावांचा, तिच्या नवऱ्याचा फोटो होता. दुसऱ्या लाटेत त्यांना उचलून गाडीत घालावं लागलं. त्यानंतर शेवटचं तोंडही कुणाला पाहायला मिळालं नाही.

"तुया मामाजीले खोकला लागला," ती म्हणाली, "तवा पयले आठ दिस म्या तुले कळू देलं नाही. रातच्याले त्यायच्या तोंडावर मीच गोधडी दाबत होती. म्हटलं, सून आशा हाये, कागदावर लिहीन आन् लोक नेतीन. नेलं तवा त्यायच्यात काही उरलंच नोतं. आठ दिस आधी नेलं असतं तं..." तिला धाप लागली. "मायावर औषधपानी नोको, पोरी. म्या त्यायले मिळू देलं काय?"

नीलिमा तिथंच जमिनीवर बसली. समजूत घालायला जे जे शब्द तोंडाशी आले, ते सगळे तिला खोटे वाटले. त्या आठ दिवसांत ती रोज दारोदार जाऊन ताप-खोकला लिहून आणत होती. संध्याकाळी यादीत आपल्या घराची ओळ आली की पेन थांबायचं. आशाताईच्याच घरात निघाला म्हटल्यावर उद्या दारात कोण उभं करील? आणि मामाजींना नेतील ते वेगळंच. मग ती लिहायची : निरंक. हे तिनं नवऱ्याला, प्रसेनजितलाही कधी सांगितलं नव्हतं.

"आत्या, मधातली भित कुडाची हाये," ती म्हणाली. "मले आयकू येत होतं."

गंगूबाईनं मान वळवली.

"पयल्या रातीपासून. तरी म्या लिहिलं नाही."

सासू तिच्याकडे पाहत राहिली. आता ही हात उगारील असं नीलिमाला वाटलं, आणि उगारला असता तर बरंच झालं असतं. पण गंगूबाईला पुन्हा उबळ आली. या खेपेला तिनं पदर वर नेला नाही. महिनाभर कोंडलेला खोकला घरभर घुमला. आतल्या खोलीतून पल्लवी धावत दारापर्यंत आली आणि तिथंच थांबली.

नीलिमानं झाकण काढून डबी पुढे केली. गंगूबाईनं ती घेतली, पण सुनेकडे पाहिलं नाही.