उतारात शोधा

शांतवन सर नाताळाचं शब्दकोडं रचायला बसले, की गारखेड्यातल्या त्या घरात टीव्हीचा आवाजही आपसूक खाली येई. चर्चच्या नाताळ अंकात दरवर्षी सरांचं कोडं असायचं आणि त्यातली एकही ओळ सरळ नसायची. 'गणाच्या पोटात "व्हा" म्हणा, बाळाचं अंथरूण मिळेल', असं काहीतरी. 'गण'च्या मधोमध 'व्हा' बसवला की गव्हाण! लोक डोकं खाजवत, सरांच्या नावानं खडे फोडत आणि सर ते ऐकून खूश होत.

कोडं छापायला जाण्याआधी त्यांची मुलगी मंजुषा ते सोडवी. घरातली जुनी रीत. तिचं काम उत्तर शोधायचं नव्हतं. उत्तर कुणालाही सापडेल, असं सरांचं म्हणणं. तिनं बघायचं ते दुसरं उत्तर निघतंय का. दोन उत्तरं निघाली की ओळ नापास.

त्या संध्याकाळी मंजुषा शेंद्र्याच्या कंपनीतून ऑडिटचं काम घरी घेऊन आली होती. सर समोर मटार सोलत बसले होते आणि मधूनच एकेक ओळ वाचून दाखवत होते.

"ज्ञानी लोकांना वाट दाखवणारा उतारात शोधा. दोन अक्षरं."

"सोपंय, अप्पा," ती लॅपटॉपवरून नजर न काढता म्हणाली. "शेंबडं पोरही सांगेल."

एरवी सरांनी वाद घातला असता. आज सोललेल्या मटारांचं भांडं उचलून ते स्वयंपाकघरात गेले, आणि जेवताना त्यांनी कोड्याचा विषयच काढला नाही.

सकाळी ती कंपनीच्या बससाठी चप्पल चढवत होती, तेव्हा ते मागोमाग दारापर्यंत आले. तिला सोपी वाटली म्हणून त्यांनी ओळ छाटली होती. ज्ञानी लोक गेले, वाट गेली. आता नुसतंच 'उतारात शोधा'. शिवाय तो शब्द कोपऱ्यात पडला होता, त्याला छेदणारा उभा शब्द नव्हता. म्हणून त्यांना जरा धाकधूक वाटत होती. दुसरं काही निघतंय का, बघ बरं, असं ते म्हणाले. कोपऱ्यावर बसचा हॉर्न वाजला.

"नाही निघत. द्या छापायला."

सर कोडं घेऊन शहागंजातल्या छापखान्यात गेले, रिक्षानं परत आले, खुर्चीत टेकले आणि मग उठलेच नाहीत. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. भेटायला येणाऱ्यांना मंजुषा सांगत राहिली, की शेवटपर्यंत अप्पा त्यांच्या आवडीच्या कामात होते. ते खोटं नव्हतं.

नाताळच्या संध्याकाळी उपासनेनंतर सगळे चर्चच्या हॉलमध्ये जमले. तिथंच कोड्याची उत्तरं तपासून बक्षीस द्यायचा रिवाज होता. मंजुषानं अंक तोवर उघडला नव्हता. खरी उत्तरं सरांच्या डोक्यातच असत, म्हणून यंदा त्यांच्या जागी लोकांची उत्तरं वाचायला गोकुळकाका उभे राहिले. काका एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, सरांशी दरवर्षी भांडून बक्षीस नेणारे. कोपऱ्यातल्या शब्दाशी गाडं अडलं. अर्ध्या लोकांनी ज्ञानी लोकांना बाळाकडे नेणारा 'तारा' लिहिला होता, अर्ध्यांनी 'रात'.

"उतारात तारा हाय, व्हय," काका म्हणाले. "पण रात बी हाय की. दोन्ही नाताळचंच."

सरांना नाताळची रातच म्हणायची असेल, असं पुढच्या रांगेतल्या द्वारकाबाईंचं मत पडलं. थोडी हुज्जत झाली. मग पाळकसाहेबांनी दोन्ही उत्तरं बरोबर धरायला सांगितली, सरांच्या आठवणीसाठी. काकांनी मंजुषाकडे पाहिलं. भांडायला माणूस उरला नव्हता, म्हणून त्यांचा आवाज मऊ झाला.

"लेकी, मनाला लावून घेऊ नको. सरांचं वय झालं व्हतं. लई मोठा माणूस, पण शेवटी नाय राहात ध्यान."

सगळ्यांनी माना डोलावल्या. केकच्या बशा फिरायला लागल्या. सरांच्या ओळीतून दुसरं उत्तर निघत नाही, ही एक गोष्ट त्यांनी आयुष्यभर जपली होती. ती लोक आता किती मायेनं पुसून टाकत होते! मंजुषा गप्प राहिली असती, तर पुढच्या नाताळपर्यंत हेच पक्कं झालं असतं: सर शेवटी शेवटी चुकायला लागले होते.

ती उठून उभी राहिली. ती प्रार्थना करणार असं वाटून द्वारकाबाईंनी डोक्यावर पदर घेतला आणि पोरांना दटावलं.

"अप्पांचं ध्यान ठिकाणावर होतं," ती म्हणाली. "त्यांना शंका आली होती. दुसरं उत्तर निघतंय का, असं त्यांनी मला विचारलं. मी न बघताच नाही म्हणाले."

काकांनी हातातली बशी खाली ठेवली. तिला वाटलं, झालं, बसावं आता. पण ती बसली नाही. समोर इतकी माणसं होती आणि ती त्यांच्यातल्या कुणाशीच बोलत नव्हती.

"तुमची पहिली ओळ चांगली होती. सोपी नव्हती. मला ती सुटलीच नव्हती, अप्पा."