दोघांचा मिळून एक वकील

बळीराम आणि देवराव हे सख्खे भाऊ दिग्रसला एकाच बसनं आले, एकाच फडक्यातली भाकर दोघांनी खाल्ली, आणि आले होते कशाला, तर आपसातलं भांडण मिटवायला. भांडण विहिरीचं. वाटणीत वावराचे दोन तुकडे झाले, विहीर मात्र एकच राहिली. उन्हाळ्यात सकाळी मोट धरली तर पाणी, दुपारी नुसता गाळ. मग सकाळ दोघांनाही हवी. परवा धाकट्या देवरावानं बळीरामचे बैलच अडवले. तेव्हापासून मोट बंद, आणि दोघांचीही वांगी माना टाकून उभी.

धम्मदीक्षा घेतल्यापासून जुन्या जातपंचांशी त्यांचा संबंध उरला नव्हता. पाटलाच्या ओट्यावर हात जोडून उभं राहायचं नव्हतं. कोर्ट म्हणजे तर जन्माची कटकट. म्हणून बळीरामनं सुचवलं, की दोघांनी मिळून एकच वकील धरावा, त्याला लवाद नेमावं आणि तो सांगेल ते मुकाट्यानं मानावं. देवराव हो म्हणाला. इतकी सरळ गोष्ट, पण एका वकिलाच्या डोक्यात शिरेल तर शपथ!

पहिल्यानं विचारलं, तुम्ही कोणाकडून? दोघांकडून, म्हटल्यावर तो हसतच सुटला. दुसऱ्याच्या कारकुनानं दारातूनच कटवलं. तिसऱ्यानं देवरावला एकट्याला आत घेतलं आणि बळीरामला बाहेर बाकावर घाम पुसत बसवलं. बऱ्याच वेळानं देवराव आला आणि इथंही जमत नाही म्हणाला. बळीरामचं डोकं भणभणायला लागलं. तरी भावाला ओढत तो चौथ्याचा जिना चढला.

चौथ्यानं बळीरामला आत बोलावून दार लोटून घेतलं. मोठा गोड बोलायचा तो. थोरले तुम्ही, विहिरीवर पहिला हक्क तुमचा, मग लवाद कशाला? कोर्टात चला, अख्खी विहीर तुमच्या नावावर करून देतो. वकीलपत्र पुढं सरकवून त्यानं टाकही हातात दिला. खोटं कशाला सांगावं, बळीरामला मोह झाला. अख्खी विहीर, रोजची सकाळ! पण भाऊ बाहेर भरवशानं बसलेला. टाक खाली ठेवून तो उठला.

जिना उतरून रस्त्यावर आल्यावर त्यानं देवरावला सगळं सांगून टाकलं.

"मी नाही म्हणून आलो," तो म्हणाला. "चाल, अजून एक वकील आहे म्हणते बाजारात."

देवराव जागचा हलला नाही.

"दादा, त्या तिसऱ्यानं मलेबी हेच सांगतलं."

"मंग?"

"मी सही करून आलो."

बळीरामच्या तोंडात शिवी आली. दिवसभराची वणवण, ते हसणं, तो बाक, सगळं त्याला आठवलं. तो वळला आणि पुन्हा चौथ्याचा जिना चढू लागला.

"कुठी चालला, दादा?"

"आता मलेबी वकील लागन ना," बळीराम म्हणाला.