दिवेलागणीचे फॉर्म

अठ्ठ्याऐंशीचा जानेवारी. कशेळीच्या शाळेतल्या माधवीबाई चपला ओढत अकराव्या घरी पोचल्या, तेव्हा बोलायचंही त्राण उरलं नव्हतं. दिवसभर वर्गात घसा फोडायचा आणि शाळा सुटली की आठवडाभर रोज दिवेलागणीला हे फॉर्म! ठाण्याच्या डॉक्टरांचा हुकूम होता: मनाच्या दुखण्यावर औषध चालू असलेल्या बायकांना तेच वीस प्रश्न पुन्हा विचारा. आकडा उतरला की औषध बंद, नाव कमी.

पहिली फेरी दिवाळीच्या सुट्टीत, भर दुपारी झाली होती. तेव्हा या अकराव्या घरच्या जानकीबाईंचे वीसपैकी सतरा आले होते. पावसाळ्यात मुलगा खाडीत बुडाला, तेव्हापासून त्या भिंतीकडे तोंड करून पडून असायच्या.

आज त्यांनी देवापुढे दिवा लावला आणि पदर सावरून बसल्या.

"झोप लागते?"

"लागते."

"रडू येतं?"

"न्हाय बा."

"जगू नये असं वाटतं?"

"शिव शिव! काय इचारता, बाई? समदं बरं हाय."

बेरीज आली तीन. माधवीबाईंना हायसं वाटलं. अकराच्या अकरा जणी बऱ्या! सुटले बाई एकदाची.

"जानकीबाई, आता बुधवारी डॉक्टरांकडे जायला नको. बऱ्या झालात तुम्ही."

जानकीबाईंचा चेहरा पडला. "कोन म्हनतं?"

"तुम्हीच की, आत्ता."

"अवो, दिवेलागणीला घरात बसून वंगाळ कोन बोलंल? वास्तू तथास्तु म्हनते!"

माधवीबाईंनी कपाळावर हात मारला. लहानपणी आईने हेच शंभरदा बजावलं होतं. आणि एवढी शिकलीसवरली बाई घरोघर हिंडली ती नेमकी दिवेलागणीलाच! स्वतःचाच संताप आला त्यांना.

जानकीबाई उठल्या, उंबरा ओलांडून अंगणातल्या दगडावर जाऊन बसल्या.

"हितं इचारा."

माधवीबाई समोर उकिडव्या बसल्या. "जगू नये असं वाटतं?"

"रोज वाटतं. खाडीपत्तर जाते. बुधवारी डाक्तर वाट बघंल म्हनून माघारी येते."

माधवीबाईंनी तो फॉर्म फाडला आणि कोऱ्यावर पहिल्यापासून लिहून घेतलं. पिशवीत अजून दहा फॉर्म होते, उद्या ठाण्याला द्यायचे. पाय ठणकत होते, घरी चूल थंड होती.

त्या मागे फिरल्या. पहिलं घर पार्वतीचं. त्या पायरी चढल्या नाहीत.

"पार्वती," त्यांनी रस्त्यावरूनच हाक मारली, "जरा बाहेर येतेस का?"